स्प्लिटहून एका दिवसात त्रोगीर, शिबेनिक, झादर : काय ठेवावं, काय गाळावं?

पूर्वा_पेठेतली
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या मध्यात आई-बाबांना घेऊन क्रोएशियाला जातोय. मुक्काम सगळा स्प्लिटलाच. शहर पायी बघायचं आणि बेटांवर जायला बोटी आहेत, म्हणून गाडी फक्त एका दिवसासाठी घेणार. त्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं: त्रोगीर, प्रिमोश्तेन, शिबेनिक, झादर. रात्री महामार्गाने परत स्प्लिट. परतीचा टप्पा साधारण १६० किलोमीटरचा दिसतोय, म्हणजे अंतर काही फार नाही. पण चार गावं, चार ठिकाणी गाडी लावणं, जेवण आणि आईचे गुडघे हे सगळं त्या एका दिवसात बसवायचं आहे.

घरात तट पडलेत. नवरा म्हणतो त्रोगीर गाळा. मी म्हणते झादर गाळा आणि बाकीचं निवांत बघा. बाबा म्हणतात काहीही गाळायचं नाही, एवढं विमानभाडं उगाच भरलं का? आई म्हणते, पायऱ्या किती आहेत ते आधी सांगा.

तर जाऊन आलेल्यांनो, काय गाळू? जुन्या किनारी रस्त्याने जावं की महामार्गाने? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, मासे-बिसे काही नाही, तेही लक्षात असू द्या.

आळशी_भटक्या
वाखु (वाचनखूण) साठवली. आमचं पुढच्या वर्षी ठरतंय (असं गेली काही वर्षं ठरतंय).

ग्राट्सचा_गणू
आम्ही ऑस्ट्रियात असतो, त्यामुळे उन्हाळ्यात गाडी काढून दाल्मेशियाला, म्हणजे क्रोएशियाच्या या किनारपट्टीला, जाणं नेहमीचंच. माझं मत: त्रोगीर त्या दिवसातून काढा. गाव वाईट म्हणून नाही, तिथे जायला गाडी लागत नाही म्हणून. स्प्लिटपासून जेमतेम ३० किलोमीटर. ३७ नंबरची बस जाते, मोसमात बोटही असते. उलट गाडीने गेलात तर विमानतळ वाटेत लागतो आणि सकाळी तिथे जी रांग लागते ती बघून बाबांचं विमानभाडं वसूल होईल.

गाडीचा दिवस गाडीनेच जमेल अशा गोष्टींना द्यावा. या पट्ट्यात ती गोष्ट म्हणजे त्रोगीर ते शिबेनिकचा जुना किनारी रस्ता, ड ८. एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला दगडी बांधांची शेतं. प्रिमोश्तेनजवळ उतारावर पांढऱ्या दगडांचे छोटे छोटे चौकोन रचलेत आणि प्रत्येक चौकोनात द्राक्षाच्या दोन-चार वेली. माती कमी, दगड फार. तेव्हा शेतातूनच दगड उपसले आणि त्यांचेच बांध घातले. तिथल्या तांबड्या वाइनचं नाव बाबिच. बसमधून हे सगळं पाच मिनिटांत मागे पडतं.

म्हणजे सकाळी ड ८ ने प्रिमोश्तेन, दुपारपर्यंत शिबेनिक, संध्याकाळी झादर, रात्री महामार्ग. उलट क्रमाने जाऊ नका. झादर सकाळी बघण्यासारखं गाव आहे, पण झादरची संध्याकाळ बघून घ्यायचीच असते.

ओंकारेश्वर_कट्टा
बाबांना आमच्यातर्फे +१. विमानभाडं हाच खरा मुद्दा.

पाषाणपुराण
गणूशेठ, त्रोगीर "बसने बघू" म्हणणारे कधीही बघत नाहीत. बेटावरून परतायला उशीर होतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात आणि त्रोगीर राहून जातं.

त्रोगीर मुळात एवढंसं बेट आहे. एका बाजूला पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं, दुसऱ्या बाजूला पुलाने चिओवो बेटाला. सगळं जुनं गाव तासाभरात पायी होतं आणि जमीन सपाट, म्हणजे आईंच्या गुडघ्यांना या चारांत सगळ्यात सोपं गाव हेच. तिथल्या सेंट लॉरेन्स कॅथेड्रलचा पश्चिम दरवाजा रादोवान नावाच्या शिल्पकाराने केलाय, साल १२४०. साल आणि नाव दोन्ही त्यावर कोरलंय आणि वर हेही कोरलंय की या कलेत रादोवान सगळ्यांत श्रेष्ठ. तेराव्या शतकातला आत्मविश्वास बघा! दोन बाजूंना सिंह, त्यांच्या पाठीवर आदम आणि हव्वा उभे. पण मला जास्त आवडतात त्या बारा महिन्यांच्या कामांच्या पट्ट्या. डुक्कर कापणारा माणूस आहे, विस्तवाशी बसून रांधणारा आहे. देवळाच्या दारावर रोजची कामं कोरण्याची हौस आपल्या शिल्पकारांनाही होतीच.

शिवाय तिथल्या बेनेडिक्टाइन जोगिणींच्या मठात कैरोसचं ग्रीक उठावशिल्प आहे. कैरोस म्हणजे संधीचा देव. पुढे झुपका, मागे टक्कल. समोरून येतानाच केस धरायचे, निसटला की हाताला काही लागत नाही. पूर्वाताई, त्रोगीर गाळायच्या आधी हे वाचून घ्या.

ग्राट्सचा_गणू
@पाषाणपुराण, देव पुढ्यात आणून भावनिक दबाव टाकताय. हे बरोबर नाही.

मीटर_रीडिंग
वीज मंडळातून निवृत्त झालो आहे, म्हणून या धाग्यात एक वेगळी भर घालतो. शिबेनिकच्या रस्त्यावरचे दिवे १८९५ साली लागले, तेही प्रत्यावर्ती प्रवाहावर (एसी). क्रका नदीच्या धबधब्यावर यारुगा नावाचं जलविद्युत केंद्र उभारलं आणि तिथून साधारण ११ किलोमीटर तारा टाकून वीज गावात आणली. २८ ऑगस्ट १८९५ ला ते सुरू झालं. नायगाराचं केंद्र सुरू झालं २६ ऑगस्टला, म्हणजे अवघे दोन दिवस आधी! गावाचा महापौर आंते शुपुक हा त्यामागचा माणूस. निकोला टेस्लाही मूळचा याच मुलखातला, पण तो तेव्हा अमेरिकेत होता. इथलं काम इथल्याच लोकांनी उभं केलं.

यारुगाचे अवशेष क्रका राष्ट्रीय उद्यानात आहेत. शिबेनिकहून अर्ध्या तासाचं अंतर. पूर्वाताईंच्या वडिलांना अशा गोष्टींत रस असेल तर क्रका जरूर घ्या.

पूर्वा_पेठेतली
काका, हे मी बाबांना वाचून दाखवणार नाही. ते एमएसईबीतच होते. वाचून दाखवलं की यादी पाच गावांची होणार.

पाषाणपुराण
मग क्रकाच्या आधी सलोना घ्या की. स्प्लिटमधून बाहेर पडतानाच सोलिनला आहे. रोमन दाल्मेशियाची राजधानी. सातव्या शतकात ती उद्ध्वस्त झाली, तेव्हा तिथले लोक जीव मुठीत धरून रोमन सम्राट डायोक्लिशियनच्या रिकाम्या राजवाड्यात शिरले आणि त्यातूनच आजचं स्प्लिट झालं. म्हणजे तुम्ही ज्या गावात राहणार त्याची आई सलोना.

चहा_कमी_दूध_जास्त
आणि सलोना ते त्रोगीर मध्ये कश्तेला! सात गावं ओळीने, तुर्कांच्या भीतीने बांधलेल्या गढ्या समुद्राला लागून. उतरून दहा मिनिटं तरी.

हिशेबतपासनीस
प्रश्न होता: चारांतलं काय गाळू?
आतापर्यंत वाढलेलं: क्रका, सलोना, कश्तेला.
आतापर्यंत गाळलेलं: काही नाही.
मंडळी, बाई आईला घेऊन जातायत, कुंभमेळ्याला नाही.

ग्राट्सचा_गणू
क्रका त्या दिवशी अजिबात नको. वाहनतळ, मग उद्यानाची बस किंवा बोट, मग लाकडी फळ्यांची वाट. यात अर्धा दिवस सहज जातो. जुने फोटो बघून लोक पोहायचे कपडे घेऊन येतात, पण २०२१ पासून तिथे धबधब्याखाली पोहायला बंदी आहे. काका, राग नसावा. यारुगासाठी वेगळा दिवस.

मीटर_रीडिंग
राग कसला. पण शिबेनिकच्या रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागताना एकदा वर बघा म्हणावं.

ट्रक_ओव्हरटेक
रस्त्याबद्दल कोणी नीट बोलत नाहीये म्हणून लिहितो.

महामार्ग ए १ वर चढताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे भरायचे. २०२३ पासून चलन युरो, तेव्हा सुट्ट्याची कटकट नाही. भारतीय परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा. गाडी मागताना गिअर कसा हवा ते स्पष्ट सांगा. न सांगितल्यास हाताच्या गिअरची मिळते आणि आपला डावा हात दाराच्या काचेवर आपटत राहतो. चालकाच्या रक्तात दारूची मर्यादा दर हजारी ०.५ आहे, पण ते बाबिच-बिबिच मागच्या सीटवरच्यांनी प्यावं.

ड ८ सुंदर आहे, गणूशी सहमत. पण एकपदरी आहे. पुढे डबा ओढणारी गाडी आली की तिच्यामागेच जायचं. स्थानिक लोक वळणावर ओव्हरटेक करतात, तुम्ही करू नका.

आता पार्किंग. जुन्या गावांत गाडी जातच नाही. बाहेर रंगांप्रमाणे पट्टे असतात. तटाच्या जवळचा महाग, लांबचा स्वस्त. यंत्रावर पैसे भरा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. आमचं एका गावात तिकीट लावलेलं असूनही काचेवर चिठ्ठी आली. कागदाचा तुकडा म्हणून सोडून दिली, तर वर्ष उलटून गेल्यावर घरी वकिलाचं पत्र, मूळ रकमेच्या कितीतरी पट. पावतीचा फोटो होता म्हणून सुटलो. भाड्याच्या गाडीच्या कंपनीने "माहिती पुरवल्याचा आकार" म्हणून वेगळे पैसे कापले ते मात्र गेलेच. नाव घेत नाही, सगळ्या कंपन्यांची जात एकच.

आईबाबांची_लेक
शिबेनिकला वर पोल्याना चौकाखाली भुयारी वाहनतळ आहे, तिथे लावा. तिथून कॅथेड्रलपर्यंत मुख्य गल्लीने हळूहळू जाता येतं. खाली धक्क्यावर लावलीत तर पायऱ्या चढाव्या लागतात. शिबेनिक हे या सगळ्यांत जास्त चढ-उताराचं गाव. डोक्यावर सेंट मायकेलचा किल्ला आहे, तिथे आईंना नेऊ नका. बाबांना पाठवा आणि आईंबरोबर चौकात कॉफी घ्या. आणि सगळ्यांना सांगून ठेवा: चामडी तळव्याच्या चपला नकोत. या गावांच्या फरशा चुनखडीच्या, शेकडो वर्षं पाय घासून काचेसारख्या झाल्यात. एक सर आली की घसरगुंडी.

सुगरण_नव्हे
आईंच्या जेवणाचं. समुद्रकाठच्या खानावळीत पहिल्या पानावर मासे, दुसऱ्या पानावर मासे. पण घाबरू नका. ब्लित्वा म्हणून मिळतं: पालकासारखी पालेभाजी आणि बटाटा, लसूण आणि ऑलिव्हचं तेल. माशाच्या ताटलीत बाजूला वाढतात, ते वेगळं मागायचं. सोपार्निक मिळालं तर सोडू नका: दोन पातळ पोळ्यांमध्ये तीच पालेभाजी आणि कांदा भरून चुलीवर निखाऱ्यांखाली भाजतात, वरून लसूण-तेल. शंकरपाळ्याच्या आकारात कापून देतात. आईंना ओळखीचं वाटेल. स्प्लिटच्या राजवाड्याला लागून पूर्वेकडे बाजार भरतो, तिथे सकाळी विकायला असतं. निघताना डब्यात घेऊन ठेवा, दिवसभर टिकतं. बुरेक (सारण भरलेलं पापुद्र्यांचं खाणं) घेताना चीजचं आहे का विचारा, मांसाचंही असतं आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पाग बेटावरचं मेंढीच्या दुधाचं चीज झादरला सगळीकडे मिळतं.

"शाकाहारी" सांगितलं की मासे चालतात असं गृहीत धरतात. मांस नाही, मासे नाहीत, असं दोन्ही वेगवेगळं सांगा.

कोकणपट्टी
रिसोट्टो काळा असेल तर नको. माखल्याची शाई असते. मला विचाराल तर सगळ्यात भारी तोच, पण आईंना नको.

मांडवीकाठ
विषय निघालाच आहे तर आमच्या गोव्याचा धागाही जोडतो. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला साव ब्राझचं चर्च आहे. साव ब्राझ म्हणजे सेंट ब्लेझ, दुब्रोव्निकचा रक्षक संत. १६व्या शतकात दुब्रोव्निकचे, म्हणजे तेव्हाच्या रागुझा प्रजासत्ताकाचे व्यापारी पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले आणि त्यांनी ते बांधलं, अशी परंपरा आहे. क्रोएशियन लोक आजही आवर्जून ते चर्च बघायला येतात. दुब्रोव्निकच्या चर्चची ती हुबेहूब नक्कल आहे असंही सांगतात.

कागद_कुठाय
हुबेहूब नक्कल हे मात्र पटत नाही. दुब्रोव्निकमधलं आजचं सेंट ब्लेझ चर्च १७१५ ला पूर्ण झालं. आधीचं १७०६ च्या आगीत गेलं. मग १६व्या शतकातल्या गोवेकरांनी नक्कल केली कशाची? आणि सेंट ब्लेझ हा पोर्तुगालमध्येही पुजला जाणारा संत, त्यामुळे नुसत्या नावावरून रागुझा सिद्ध होत नाही.

मांडवीकाठ
नकलेचा भाग सोडा, मान्य. पण रागुझाचे व्यापारी भारतापर्यंत पोचले नसतील असं म्हणता येणार नाही. त्यांची जहाजं आणि वखारी अर्ध्या भूमध्यात पसरल्या होत्या. संत तोच आणि परंपरा दोन्हीकडे जिवंत आहे. ३ फेब्रुवारीला दुब्रोव्निकमध्ये त्याची मिरवणूक निघते, आमच्याकडेही फेस्त त्याच सुमारास.

कागद_कुठाय
नसतील असं मी म्हटलंच नाही. चर्च त्यांनीच बांधलं याचा कागद मागतोय. नावाला जागायला नको?

हिशेबतपासनीस
वाढलेलं: क्रका, सलोना, कश्तेला, दुब्रोव्निक, गवंडाळी.
गाळलेलं: अजूनही काही नाही.

भूछत्र
एक गंभीर प्रश्न. एका दिवसात चार गावं हे पर्यटन कंपनीचं वेळापत्रक झालं. "डावीकडे बघा चर्च, उजवीकडे बघा चर्च, बसा गाडीत." शिबेनिकला जा, दिवसभर तिथेच बसा, गल्ल्यांतून हरवा. फिरणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना कधी कळणार?

आईबाबांची_लेक
भूछत्र, हे तिशीत एकट्याने फिरताना ठीक आहे. आई-बाबा परत कधी येणार? माझे बाबा एकदाच आले. व्हिसाचे कागद, विम्याचे कागद, डॉक्टरचं पत्र. त्यांना दिवसभर एका गल्लीत बसवून "हरवा" म्हटलं असतं तर त्यांनी पहिल्या तासात जेवायचं काय विचारलं असतं. त्यांना यादी आवडते. घरी परतल्यावर सोसायटीत सांगायला चार नावं लागतात, आणि त्यात काही वाईट नाही.

भूछत्र
सोसायटीसाठी फिरायचं?

ओंकारेश्वर_कट्टा
मग कोणासाठी? समाजमाध्यमांवर फोटो टाकणारे कोणासाठी फिरतात?

गॉथिक_गल्ली
भूछत्रांचा सूर पटला नाही तरी शिबेनिकबद्दल त्यांच्या बाजूने. स्प्लिट, त्रोगीर, झादर ही रोमन-ग्रीक काळापासूनची गावं. शिबेनिक क्रोएट लोकांनी वसवलेलं, नाव पहिल्यांदा येतं ते १०६६ च्या एका राजपत्रात. आणि तिथलं सेंट जेम्सचं कॅथेड्रल माझ्या मते या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी गोष्ट आहे. १४३१ ला सुरू झालं आणि शंभर वर्षांहून जास्त चाललं. अर्ध्या वाटेवर युराय दाल्मातिनाच हा स्थपती आला, त्याने आराखडाच बदलला. तो गेल्यावर निकोला फिरेंतिनाच याने ते पुढे नेलं.

वैशिष्ट्य असं की छतसुद्धा नुसतं दगडाचं. लाकडी तुळया नाहीत, विटा नाहीत. मोठमोठ्या दगडी पाट्या खाचांमध्ये एकमेकींत बसवल्यात. आत उभं राहून वर बघितलं की जी कमान दिसते, तीच बाहेरून छप्पर म्हणून दिसते. मध्ये काही दडवलेलं नाही. समोरच्या दर्शनी भिंतीचा तीन पाकळ्यांचा आकारही त्यातूनच आलेला.

आईंना आत जायचा कंटाळा आला तर बाहेरूनच मागच्या बाजूला न्या. तिथे भिंतीवर डोळ्यांच्या जरा वर ७१ माणसांची मुंडकी कोरली आहेत. संत नाहीत, साधी माणसं. एक हसतोय, एक वैतागलाय, कोणी झोपेतून उठवल्यासारखा. पगडीवाले आहेत, मिशाळ आहेत, एक-दोन पोरंही. गावात सांगतात की देणगी न देणाऱ्या कंजूष लोकांची ती तोंडं आहेत. खरं-खोटं कोणास ठाऊक, पण आमच्या सोसायटीत ही पद्धत सुरू केली तर देखभाल खर्च एका महिन्यात जमा होईल. तिथे तिकीट लागत नाही, बसायला समोर पायऱ्या आहेत.

१९९१ च्या सप्टेंबरात युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफांनी घुमटावर गोळा पडला होता. नंतर दुरुस्त केला. नवे दगड लक्ष देऊन बघितले तर कळतात.

पाषाणपुराण
शिबेनिक गाळा असं मीही म्हणणार नाही. माझा विरोध फक्त बसने त्रोगीरला.

झादरची_जावई
(आयडी चुकून स्त्रीलिंगी झालाय, दुर्लक्ष करा.) पूर्वाताई झादर गाळायचं म्हणतायत म्हणून धावत आलो.

झादरचं जुनं गाव समुद्रात घुसलेल्या जिभेवर आहे आणि जवळपास सगळं सपाट. गाडी पलीकडे लावा आणि पादचारी पुलाने या. किंवा त्याहून मजेशीर: बंदराच्या तोंडाशी वल्ह्यांच्या नावा चालतात, नावाड्यांना तिथे बारकायोली म्हणतात, शेकडो वर्षांची परंपरा आहे. दोन-तीन मिनिटांत पलीकडे सोडतात. आईंचे गुडघे वाचतील आणि बाबांचा फोटो होईल.

गावात रोमन फोरम, म्हणजे जुना सार्वजनिक चौक, उघड्यावर आहे, पोरं खांबांच्या तुकड्यांवर बसून आइस्क्रीम खातात. शेजारी सेंट दोनातचं गोल चर्च, नवव्या शतकातलं. त्याच्या पायात फोरमचेच दगड घातलेत. खाली वाकून बघा, कोरीव खांब आडवे टाकलेले दिसतील. १२०२ साली चौथ्या धर्मयुद्धातले लोक व्हेनिसच्या जहाजांचं भाडं देऊ शकले नाहीत, तेव्हा व्हेनिसने सांगितलं, पैसे नाहीत तर आमच्यासाठी झादर घेऊन द्या. निघाले होते पवित्र भूमीला आणि लुटलं ख्रिस्ती गावच. पोपने त्यांना बहिष्कृत केलं.

पण संध्याकाळ कशासाठी, तर समुद्राच्या बाज्यासाठी (सी ऑर्गन). २००५ ला निकोला बाशिच या वास्तुरचनाकाराने केला. धक्क्याला पाण्यात उतरणाऱ्या रुंद संगमरवरी पायऱ्या आहेत, त्यांच्या पोटात ३५ नळ्या. लाट आत शिरली की हवा वर ढकलली जाते आणि पायरीतल्या भोकांतून सूर निघतो. सूर नेमून दिलेत, चाल मात्र समुद्राची. मोठी बोट गेली की एकदम भरात येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गाव उद्ध्वस्त झालं होतं आणि त्यानंतर हा किनारा बरीच वर्षं नुसत्या काँक्रीटचा होता, हे माहीत असलं की त्याची किंमत कळते. सप्टेंबरच्या मध्यात सूर्यास्त सातनंतर लगेच. साडेसहाला पायरी धरून बसा, नंतर जागा मिळत नाही.

चहा_कमी_दूध_जास्त
आमच्या वेळी समुद्र शांत होता. सूर कमी, शेजारच्या ग्रुपचा स्पीकर जास्त.

झादरची_जावई
त्याला बाशिच काय करणार.

ट्रक_ओव्हरटेक
एक राहिलं. बुरा नावाचा वारा सुटला की महामार्ग बंद करतात.

ग्राट्सचा_गणू
तो टप्पा झादरच्या उत्तरेला आहे, मास्लेनिचाचा पूल आणि त्यापुढचा घाट. स्प्लिट-झादर त्यात सहसा येत नाही. पूर्वाताईंना उगाच घाबरवू नका.

पूर्वा_पेठेतली
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. घरी सगळा धागा मोठ्याने वाचला (मीटर_रीडिंग काकांचा भाग वगळून, पण बाबांनी फोन घेऊन स्वतः वाचला).

तर ठरलंय ते असं. त्रोगीर गाडीच्या दिवसातून बाहेर. पाषाणपुराण, चिडू नका, पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बसने जाणार, बेटांच्या आधी. म्हणजे राहून जाणार नाही. गाडीच्या दिवशी सकाळी आठला निघून ड ८, प्रिमोश्तेनला फक्त कॉफी आणि द्राक्षमळे, अकराच्या सुमाराला शिबेनिक, पोल्यानाला गाडी. जेवण शिबेनिकलाच. चारपर्यंत झादर, नावेतून पलीकडे, सूर्यास्त, मग ए १ ने परत. झादर गाळायची सूचना मी मागे घेतेय. डब्यात सोपार्निक. बाबा सेंट मायकेलवर जाणार, आई मुंडकी बघणार.

दोनच शंका उरल्यात. रविवारी गेलो तर चर्चं बंद असतात का? आणि आमचा व्हिसा एकच प्रवेशाचा आहे, पुढे दुब्रोव्निकला जायचं झालं तर अडचण येईल का?

गॉथिक_गल्ली
रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना आत हिंडू देत नाहीत. मधला वार घ्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आईंची साडी उत्तम, जावयांची हाफपँट नको.

ग्राट्सचा_गणू
क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत) आहे, तेव्हा दुसऱ्या शेंगेन देशातून जाताना प्रश्नच नाही. दुब्रोव्निकला जाताना पूर्वी मध्ये नेउमला बोस्नियाची किनारपट्टी ओलांडावी लागायची, तिथे एकच प्रवेश असला की पंचाईत. २०२२ च्या जुलैत पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, तो थेट क्रोएशियातूनच नेतो. फक्त नकाशाला "जवळचा रस्ता" निवडू देऊ नका, तो अजूनही कधीकधी नेउमवरून काढतो. पुलावरून गेलात तर स्तोनला थांबा, मिठागरं आणि पाच किलोमीटरहून लांब तटबंदी...

हिशेबतपासनीस
गणू, थांब!

पूर्वा_पेठेतली
:-) स्तोनला पायऱ्या किती आहेत? आई विचारतेय.

आईबाबांची_लेक
तटावर चढाल तर भरपूर. मिठागरं मात्र सपाट, आणि गाडी अगदी जवळ लागते.